सब्लो

विमानात चढण्याआधी मी आईला तीन गोष्टी बजावल्या होत्या. बेल दाबायची नाही. जेवण मिळेल ते घ्यायचं, 'दुसरं काही आहे का' विचारायचं नाही. आणि शेजारच्या माणसाला आपण कसे आलो ते सांगायचं नाही. आईनं तिन्हींना मान डोलावली. पट्ट्याचा दिवा विझायच्या आत तिनं तिसरी गोष्ट मोडली.

ही १९९८च्या ऑक्टोबरातली हकिकत. आई दोन महिने बर्मिंगहॅमला माझ्या बहिणीकडे होती आणि मी तिला आणायला गेले होते. तेव्हा मी सहार विमानतळावर एका परदेशी विमान कंपनीच्या काउंटरवर नोकरीला होते. कंपनीचं नाव लिहीत नाही. नियम सगळीकडे थोड्याफार फरकानं सारखेच असतात. परतीला, वाटेत विमान बदलताना, नशिबानं बिझनेस क्लासच्या दोन खुर्च्या रिकाम्या निघाल्या. आईला तिसऱ्या रांगेत खिडकी मिळाली, मला तिच्यामागे दोन रांगा सोडून. तिच्या शेजारी पुण्याचे एक गृहस्थ होते, औषधांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. भुसावळचा आवाज दोन रांगा मागे ऐकू यायला अडचण नव्हती.

"माझी मुलगी ह्याच कंपनीत आहे. आम्हाला काही पडत नाही."

त्यात आईची चूक नव्हती. तिचा सगळा संसार भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये झाला. तिथे पास लपवायची गोष्ट नव्हती, उलट लग्न जमवताना सांगायची होती. बाबांच्या सेकंड क्लासच्या पासावर आम्ही रामेश्वरपर्यंत जाऊन आलो होतो. पास संपले की पीटीओ, म्हणजे एक तृतीयांश भाड्यातलं तिकीट. फर्स्ट क्लासचा डबा मात्र आईनं आयुष्यभर फलाटावरूनच पाहिला. आता तिच्या मांडीवर पांढरा नॅपकिन होता आणि हातात काचेच्या ग्लासात संत्र्याचा रस. ती सांगणार नाही तर काय करणार?

मी तिच्याकडे गेले तेव्हा ते गृहस्थ हसत म्हणाले, "म्हणजे माझ्या तिकिटात तुम्ही दोघी बसलात म्हणायचं!" हसत म्हणाले, पण सगळं हसू नव्हतं. आईनं लगेच जेवणाबरोबर आलेली चॉकलेटची डबी त्यांच्यापुढे केली. "मग हे घ्या, तुमच्याच पैशांचं आहे." त्यांनी घेतलीही.

डबी त्यांच्याकडे गेली, प्रश्न माझ्याकडे राहिला. तेहतीस वर्षांच्या नोकरीत तो वेगवेगळ्या तोंडांनी ऐकला. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या तिकिटाला आयडी म्हणतात. आयडी ९० म्हणजे भाड्यात ९० टक्के सूट, आयडी ५० म्हणजे निम्मं भाडं. वर्षाकाठी एखाददुसरं पूर्ण मोफतही मिळतं, पण मोफत म्हणजे भाडं मोफत. विमानतळाचे कर आणि बाकीचे आकार आपल्याच खिशातून. दुसऱ्या कंपनीच्या विमानानं जायचं तर 'झेड'चे दर, म्हणजे झोनल एम्प्लॉयी डिस्काउंट. ते अंतराच्या टप्प्यांवर ठरतात, आपल्या एसटीच्या भाड्यासारखे. हे सगळं आकड्यांत वाचलं तर हेवा वाटण्यासारखंच आहे. मेख तिकिटावरच्या एका शब्दात असते: सब्लो. सब्जेक्ट टू लोड. तिकीट हातात आहे, जागा नाही. विमानात जागा उरली तर तुम्ही जाणार, नाही तर पुढच्या विमानाची वाट बघणार. पुढच्या विमानातही हाच नियम.

त्यामुळे विमानवाले एकमेकांना 'कुठे चाललात' असं विचारत नाहीत, 'लोड किती आहे' असं विचारतात. आणि लोड हा मोठा लबाड आकडा असतो. दुपारी चाळीस जागा मोकळ्या दिसतात. संध्याकाळी कुठल्याशा शहरात दुसऱ्या कंपनीचं विमान रद्द होतं, तिचे प्रवासी आपल्याकडे वळवले जातात आणि चाळिसाच्या चार होतात. त्या चार जागांसाठी बारा कर्मचारी रांगेत. रांगेचा क्रमही ठरलेला. आधी कामावर निघालेले, मग स्वतःच्या कंपनीतले, मग निवृत्त, मग परक्या कंपन्यांचे. त्या-त्या गटात पुन्हा कुठे नोकरीची वर्षं मोजतात, तर कुठे चेक-इनची वेळ. अमेरिकेत युनायटेडमध्ये ज्येष्ठता चालते, अमेरिकन एअरलाइन्समध्ये जो आधी चेक-इन करेल तो पुढे. आमच्याकडे ज्येष्ठता होती. म्हणजे नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत पाय धड असतात तेव्हा नंबर शेवटचा, आणि गुडघे दुखायला लागले की पहिला.

मुंबईहून युरोपकडे जाणारी बहुतेक विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. एका मे महिन्यात आम्ही चौघं, मी, नवरा आणि दोन मुलं, पार्ल्याहून सहारला रिक्षानं तीन रात्री लागोपाठ गेलो. दोन रात्री पहाटे तीन वाजता त्याच बॅगा घेऊन परत. घरी फ्रिज रिकामा करून बंद केलेला, दूधवाल्याला महिनाभर नको म्हणून सांगितलेलं, तुळस शेजारच्या काकूंकडे दिलेली. दुसऱ्या रात्रीनंतर सकाळी काळा चहा प्यायलो आणि काकूंना तोंड दिसू नये म्हणून गॅलरीत गेलो नाही. तिसऱ्या रात्री निघताना सोसायटीच्या वॉचमननं गेट उघडलं आणि विचारलं, "मॅडम, आज जाताय ना नक्की?" त्या रात्री दोन जागा मिळाल्या. चौघांत दोन. नवरा धाकट्याला घेऊन गेला. मी आणि मुलगी चौथ्या रात्री.

आणि लग्नकार्य? नाशिकला मामेबहिणीचं लग्न होतं. आम्ही दोघं सुट्टीवर होतो, मुहूर्ताला चार दिवस होते, लोड उत्तम दिसत होता. कंपनीचं मुख्य ठाणं असलेल्या शहरात आम्ही दोन दिवस अडकलो. पहिला दिवस विमानतळावरच्या दुकानांत जातो, दुसरा बाकावर. शेवटी आखातातल्या एका कंपनीचं पूर्ण भाड्याचं तिकीट काढून, फिरून, सकाळी आठला मुंबईत उतरलो आणि टॅक्सीनं कसारा घाट चढलो. दुपारी अडीचला कार्यालयात पोचलो तेव्हा शेवटची पंगत बसत होती: वाढपी, आचाऱ्याची माणसं, उठाठेव करून दमलेले घरचे. मामा घामाघूम होऊन पाटावर टेकलेले. मला बघून म्हणाले, "ये गं, विमानवाले शेवटच्या पंगतीलाच!" जिलबी संपली होती. मठ्ठा होता.

मामांना माहीत नसेल, पण आमच्या नोकरीचा सगळा कायदा त्यांनी एका वाक्यात सांगितला होता. घरचा माणूस शेवटी बसतो आणि उरेल ते खातो. कधी चौरंग मिळतो, कधी मठ्ठ्यावर भागतं.

आता पुण्याच्या गृहस्थांचं गणित. विमानातली खुर्ची हा बाजारातला सगळ्यांत लवकर नासणारा माल आहे. भाजी दुसऱ्या दिवशी शिळी म्हणून तरी जाते. विमानाचं दार बंद झालं की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य, मग ती कितीही लाखांची असो. तीत कुणी बसलं तर वजनापुरतं थोडं जास्त इंधन जळतं आणि एक ताट लागतं. ताटाचाही भरवसा नसतो. बिझनेस क्लासचं जेवण पक्क्या तिकिटांच्या हिशेबानं, वर दोन-चार धरून चढवतात. 'खुर्ची पुढची, जेवण मागचं' हे मी कित्येकदा ऐकलंय आणि रुंद खुर्चीत बसून फॉइलच्या डब्यातला भात खाल्लाय.

सरकारही ते असंच मोजतं. मालकानं नोकराला दिलेल्या सवलतीवर एरवी आयकर लागतो. प्रवासी वाहतूक करणाऱ्या कंपनीनं कर्मचाऱ्याला खासगी प्रवास फुकट घडवला तर त्याचं मूल्य पगारात धरायचं, असं १९६२च्या आयकर नियमांत होतं. पण त्याच नियमाच्या शेपटाला एक ओळ होती: हे विमान कंपन्या आणि रेल्वे यांच्या कर्मचाऱ्यांना लागू नाही. म्हणजे बाबांचा पास आणि माझं सब्लो एकाच ओळीत सुटले होते. अमेरिकेतला कायदाही, ज्या सेवेसाठी मालकाला विशेष जादा खर्च येत नाही ती करातून वगळतो आणि त्याचं ठळक उदाहरण विमानातली रिकामी खुर्ची हेच असतं.

यावर इकॉनॉमीतले प्रवासी काउंटरवर विचारायचे आणि ते बरोबरच विचारायचे: खुर्ची फुकटच द्यायची तर मला द्या की, मी निदान मागच्या खुर्चीचे पैसे भरलेत. त्यांना तोंडावर देता येत नाही असं याचं उत्तर आहे. मिठाईवाल्यानं रोज रात्री उरलेली बर्फी दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना फुकट वाटली, तर आठवडाभरात संध्याकाळी कुणी बर्फी विकत घेणार नाही. सगळे रात्रीची वाट बघतील. दुकानातल्या पोरांनी ती घरी नेली तर विक्री तुटत नाही, कारण ती पोरं तशीही विकत घेणार नव्हती. माझ्या पगारात मी बिझनेसचं तिकीट सात जन्मांत काढलं नसतं. कंपनीनं माझ्यावर एकही गिऱ्हाईक गमावलं नाही.

पैसे भरणाऱ्याला फुकट वर बसवतात ते वेगळ्या वेळी. तिकिटं काढून न येणारे बरेच असतात, म्हणून कंपन्या खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं विकतात. एखाद्या रात्री सगळेच येतात. मग मागचे काही पुढे ढकलावे लागतात आणि कुणाला ढकलायचं ते काउंटरवरची मुलगी ठरवते. ती मी होते. आधी कंपनीचं कार्ड असलेले नेहमीचे प्रवासी. ते संपले की, खरं सांगते, एकटा, नीटनेटका आणि काउंटरवर आवाज न चढवलेला माणूस. 'मला अपग्रेड द्या' म्हणणाऱ्याला दिल्याचं मला आठवत नाही. अशा रात्री सब्लोवाले सगळे घरी. पुढची खुर्ची गेली म्हणून नाही, पाठची एकही उरली नाही म्हणून.

इथवर मी त्या गृहस्थांना ठामपणे म्हणेन की तुमच्या पैशांत आम्ही बसलो नाही. पण पुढे माझा आवाज खाली येतो. सगळ्यांचंच तिकीट सब्लो नसतं. कित्येक कंपन्यांत वरच्या साहेबांना खासगी प्रवासालाही पुढच्या केबिनमधली पक्की जागा मिळते, बायकामुलांसकट. दिवाळीत, नाताळात, जेव्हा ती खुर्ची विकली गेली असती तेव्हाही. ती नासणारी बर्फी नव्हे, ते सकाळी दुकान उघडतानाच बाजूला काढून ठेवलेलं ताट. तिथे कुणीतरी पैसे घेऊन उभा असतो आणि त्याला 'फुल आहे' म्हणून सांगावं लागतं. मी सांगितलंय. आणि कंपनी सरकारी असली की गुंता आणखी वाढतो. एअर इंडिया १९५३ साली सरकारकडे गेली आणि २७ जानेवारी २०२२ला टाटांकडे परत आली. मधल्या काळात तिच्या भरल्या-रिकाम्या प्रत्येक खुर्चीचा मालक करदाता होता. तेव्हा पुढे कोण बसलंय हे विचारायला तिकीट काढायचीही गरज नव्हती.

साहेबांच्या बाजूनं एकच गोष्ट सांगता येईल. पुढे बसणाऱ्यानं डोळे उघडे ठेवले तर कंपनीचं भलं होतं. जेआरडी टाटा एअर इंडियाचे अध्यक्ष असताना प्रवास करून आले की टिपणं पाठवत: पडदे, खुर्च्यांची पाठ, ग्लास. जिनिव्हाहून चढवलेला चहा आणि कॉफी रंगावरून ओळखू येत नाहीत, अशीही त्यांची तक्रार होती. मी ज्या साहेबांना पुढे बसवलं, त्यांपैकी चहाबद्दल कुणी लिहिल्याचं ऐकलं नाही.

दिसायचं कसं, याचे नियम मात्र आम्हालाच जास्त. आमच्या वेळी पुरुषांना टाय, बायकांना साडी किंवा औपचारिक पोशाख. जीन्स, चपला, टीशर्ट बंद. नवऱ्यानं फॅशन स्ट्रीटवरून घेतलेला एकुलता एक टाय त्यानं बावीस वर्षं फक्त रिकाम्या जागेची वाट बघताना घातला. कारण साधं होतं. शेजारी लाखभर रुपये भरून बसलेल्या माणसाला आपल्याकडे बघून ते पैसे वाया गेले असं वाटू नये. तो स्वतः पायजमा घालून बसला तरी चालतं. तो गिऱ्हाईक आहे. आपण कंपनीची माणसं.

२६ मार्च २०१७ला हे साऱ्या जगाला कळलं. डेन्व्हरहून मिनियापोलिसला निघालेल्या दोन मुलींना लेगिंग्ज घातल्या म्हणून युनायटेडनं विमानात घेतलं नाही आणि एकच गदारोळ उडाला. नंतर कंपनीनं खुलासा केला की त्या मुली कर्मचाऱ्यांच्या पासावर होत्या, तिकीट काढणाऱ्यांना हा नियम नाही. लोकांचा राग कमी झाला नाही. मला दोन्ही बाजू कळत होत्या. माझ्या मुलीला मी विमानतळावरच्या स्वच्छतागृहात दोनदा कपडे बदलायला लावलेत. दुसऱ्यांदा ती सोळा वर्षांची होती आणि पुढचे नऊ तास माझ्याशी बोलली नाही.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ९ एप्रिलला, शिकागोहून लुइव्हिलला निघालेल्या युनायटेडच्या विमानातून ६९ वर्षांच्या एका डॉक्टरांना ओढत बाहेर काढलं गेलं. त्यांचं नाक मोडलं, दोन दात पडले. 'स्टाफला बसवायला प्रवासी उठवला' असं तेव्हा सगळीकडे म्हटलं गेलं आणि माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांनी मला जाब विचारला, जणू मीच तिथे होते. ते चार कर्मचारी सहलीला निघाले नव्हते. दुसऱ्या दिवशी लुइव्हिलहून त्यांना एक विमान न्यायचं होतं. ते पोचले नसते तर ते विमान अडकलं असतं. कामावर निघालेल्यांना रांगेत पहिला नंबर मिळतो तो यासाठी. कंपनीनं जागा सोडणाऱ्याला आधी ४०० डॉलर देऊ केले, मग ८००, आणि कुणी उठेना तेव्हा सुरक्षारक्षक बोलावले. तिथे चुकलं. रक्कम वाढवत नेली असती तर कुणीतरी उठलंच असतं. नंतर कंपनीनं ती मर्यादा १०,००० डॉलरपर्यंत नेली आणि कामावरच्या कर्मचाऱ्यांनी उड्डाणाच्या किमान तासभर आधी नोंद केली पाहिजे असं ठरवलं.

पैसे भरून बसलेल्याला उठवायचं नाही हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. सब्लोवाल्याला मात्र बसल्यावरही उठवतात. मला एकदा उठवलंय. पट्टा बांधून, सँडल काढून, गरम रुमालानं तोंड पुसून बसले होते. उशिरा धावत आलेला प्रवासी चढला आणि पर्सरनं वाकून माझं नाव घेतलं. वरून बॅग काढून मागे जाताना दोन्ही बाजूंचे लोक असे बघत होते की मी कुणाचं पाकीट मारलंय. म्हणून दार बंद होईपर्यंत आमच्यापैकी कुणी पाय पसरत नाही. सिनेमा लावत नाही. ग्लास घेतलाच तर पाण्याचा.

मी २०१९ला निवृत्त झाले. सवलत अजून आहे, पण निवृत्तांचा नंबर नोकरीतल्यांच्या खाली. गेल्या वर्षी मार्चमध्ये मुलीचं बाळंतपण होतं, म्युनिकला. बाळंतपणाला कुणी सब्लोवर जात नाही. एकसष्ट हजार मोजून इकॉनॉमीचं पक्कं तिकीट काढलं, माझ्या आयुष्यातलं दुसरं. खुर्ची आठवडाभर आधी निवडली, ३८ सी. गेटवर सवयीनं मी सगळ्यांत शेवटी जाऊन बसले होते. शेवटची हाक आली तेव्हा उठले.

पुढच्या दारानं आत घेत होते. बिझनेस क्लासमध्ये सहा-सात खुर्च्या रिकाम्या होत्या आणि दुसऱ्या रांगेत दोघी जणी बसल्या होत्या, एक तिशीची, एक तिच्या आईच्या वयाची. दोघींचे केस चापून बांधलेले, कुडते कडक इस्त्रीचे, पर्स पायाशी नीट सरकवलेल्या. शॅम्पेनचा ट्रे आला तेव्हा धाकटीनं पाणी उचललं. थोरलीनं हात पुढे केला, मुलीकडे बघितलं आणि मागे घेतला. दोघींचे डोळे दाराकडे.

मी शेवटची, हे त्यांना दिसलं. पण हातात बोर्डिंग पास, आणि नजर पुढच्याच खुर्च्यांवर. धाकटीनं पट्ट्याच्या कडीवर हात ठेवला. मी मान हलवली, नाही गं, मागची आहे. ती हसली. मीही हसले आणि त्याच क्षणी पुण्याच्या गृहस्थांचं वाक्य माझ्या मनात आलं, शब्दाला शब्द, फक्त तिकीट आता माझं होतं.

मागून एअर होस्टेस म्हणाली, "मॅडम, प्लीज, दार बंद करायचंय." मी ३८ सीकडे चालू लागले.